मावशीला न दिलेला निरोप

आम्ही दोघे भाऊ भाईंदरला राहायला आलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि दादा तेवीसचा. वडील आधीच गेले होते. आई रत्नागिरीकडे गावी, काकांच्या आधारानं घर आणि थोडी भातशेती सांभाळून होती. दादाला शहरात एका कंपनीत नकाशे काढायचं काम मिळालं. मुंबईत जागा परवडेना, म्हणून आम्ही भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला एका चाळीत एक खोली घेतली. साठचं दशक तेव्हा निम्मं उलटलं होतं. बाजार ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चाललं की घरं संपायची आणि मिठागरं लागायची. त्यांच्या पलीकडे तिवरं, आणि तिवरांच्या पलीकडे खाडी.

दादाला फोटोंचा नाद होता. ऑफिसातल्या एकाकडून त्यानं जुना कॅमेरा घेतला होता, पोटाशी धरून वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. लग्नकार्यातले फोटो काढून दे म्हणून चाळीतले लोक मागे लागायचे, पण त्याला माणसांचे फोटो काढायचेच नव्हते. त्याला पाणी, आभाळ, बांध, मिठाचे ढीग हेच काढायचं होतं. शेजारची काकू म्हणायची, "अरे, आईचा एक फोटो काढायचा सोडून चिखलाचे काय काढतोस?" तो नुसता हसायचा.

पहिलं वर्ष आम्ही दोघेच अंदाजानं फिरलो. रविवारी सकाळी डबा घेऊन निघायचं आणि वाट फुटेल तिकडं जायचं. बहुतेक वेळा चुकीच्या वेळेला पोचायचो. कधी पाणी बांधाला टेकलेलं असायचं आणि बघण्यासारखं काही उरलेलं नसायचं. कधी ऊन डोक्यावर आलेलं असायचं. कधी दोन तास चालून एखादा बांध मध्येच तुटलेला निघायचा, की परत फिरा. शहरात एक फोटोग्राफीचा क्लब होता, तिथं दादा महिन्यातून एकदा आपले फोटो घेऊन जायचा. तिथल्या एका वयस्क गुजराती गृहस्थांनी त्याचे फोटो नीट, एकेक करून पाहिले आणि म्हणाले, "अच्छा है. लेकिन ये जगह कोई भी हो सकती है." दादा त्या दिवशी घरी आला तो जेवलाच नाही.

मावशी भेटली ती पुढच्या थंडीत, मुर्धा गावाच्या बाजूला. ओहोटी होती. दादा बांधावरून खाली उतरून कॅमेऱ्याचं स्टँड रोवायला जागा बघत होता. एवढ्यात मागून आवाज आला, "ए, तिथं पाय टाकू नको. कंबरंपर्यंत जाशील."

वळून पाहिलं तर गुडघ्याच्या वर लुगडं खोचलेली, पन्नाशीची एक कोळीण. डोक्यावर पाटी, हातात काठी. आम्ही थांबलो तशी ती पुढं आली आणि दादा जिथं उतरणार होता तिथं तिनं काठी टेकवली. काठी मुठीपर्यंत आत गेली. तिनं ती ओढून काढली आणि बाजूला चिखलातून वर आलेली मुळं दाखवली. "तिवराची मुलं वर आलीत ना, त्याच्यावर पाय ठेव. तिथं जमीन घट हाय."

ती मुर्ध्याची. ओहोटीला खाडीत उतरून कालवं आणि चिंबोऱ्या काढायची, संध्याकाळी भाईंदरच्या बाजारात विकायला बसायची. नवरा नव्हता. एक मुलगा होडीवर जायचा, मुलगी उत्तनला दिली होती. दादानं तिला त्याच दिवशी मावशी म्हणायला सुरुवात केली. तिनं कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं, उलटं-सुलटं करून पाहिलं, आणि विचारलं, "कशाचा फोटू काढतोस? इथं तर कोन न्हाय."

"खाडीचा," दादा म्हणाला.

"मग तू चुकीच्या टायमाला आलास. आन चुकीच्या जाग्यावर."

त्यानंतर आम्ही तिच्यासोबत जायला लागलो. ती तशीही खाडीत जातच असे, आम्ही तिच्या मागून जायचो. पण एकट्यानं भटकणं आणि तिच्यासोबत जाणं यात केवढा फरक होता ते दादाच्या फोटोंतच दिसायला लागलं. कुठल्या मिठागरात पाणी स्थिर राहतं आणि आभाळ पुरतं उमटतं, वारा फिरला की कुठलं पाणी आधी थरथरतं, बगळे कुठल्या बांधाला बसतात, मीठ ओढणारे मजूर कधी कामाला लागतात आणि त्यांच्या फावड्यांनी रेघा कधी उठतात, धुकं कुठं उशिरापर्यंत रेंगाळतं, हे सगळं तिला पायांनी माहीत होतं. दादाला उगाच पायपीट करावी लागत नव्हती. बारापैकी बारा फोटो तो विचार करून काढू शकत होता, कारण पुढं काय होणार हे कोणीतरी आधी सांगत होतं. "थांब," ती म्हणायची. "आता नको. तो ढग सरकू दे." दादा थांबायचा.

एकदा तिनं त्याला खाली बसवलं. म्हणाली, "तू उभ्यानं बघतोस. मी दिवसभर वाकलेली असते. मना खाडी येगली दिसते." दादा चिखलात गुडघे टेकून बसला. त्या दिवशीचा एक फोटो क्लबच्या प्रदर्शनात लागला. खाली ओल्या गाळातल्या बारीक नागमोडी वाटा, त्यांत साठलेलं उजेडाचं पाणी, आणि लांबवर घोडबंदरच्या बाजूचे डोंगर. दादानं त्याची एक प्रत मावशीला नेऊन दिली. तिनं ती लांब धरून, मग जवळ धरून पाहिली.

"पानी उतरतंय," ती म्हणाली.

"फोटोवरून कसं कळलं?" मी विचारलं.

"भरतीला कडेला फेस असतो. हितं न्हाय."

तिनं तो फोटो घरात देवाच्या तसबिरीशेजारी लावला.

दुसऱ्या थंडीत क्लबातले तिघे-चौघे रविवारी यायला लागले. तेव्हा आम्ही त्याला सहल वगैरे काही म्हणत नव्हतो, पण होती ती तीच गोष्ट. मावशी पुढं, मग पाहुणे, मग पिशवी घेतलेला मी, आणि सगळ्यात शेवटी दादा. तिचे नियम दोनच. तिच्या पुढं कोणी जायचं नाही आणि ती चला म्हणाली की निघायचं. ते गुजराती गृहस्थही आले होते. एकदा फोटो अर्ध्यावर असताना मावशी चला म्हणाली. ते म्हणाले, "दो मिनट, मौसी."

मावशी आपल्या हिंदीत म्हणाली, "दो मिनट में पाव गीला होएगा. पाच मिनट में कंबर."

ते नाइलाजानं निघाले. बांधावर येऊन आम्ही डबे उघडले आणि खाता खाता त्यांनी सहज मागं पाहिलं. ते उभे होते ती जागा पाण्याखाली गेली होती. पण त्यांना जास्त धक्का बसला तो मावशीनं दाखवून दिलेल्या दुसऱ्याच गोष्टीचा. ती जागा अजून कोरडी दिसत असतानाच तिच्या आणि बांधाच्या मधला ओहळ भरला होता. मावशी म्हणाली, "नवा मानूस म्होरं बघत ऱ्हातो. पानी म्होरून न्हाय येत. मागून येतं." त्या गृहस्थांनी खाली वाकून तिला नमस्कार केला. तिला हसू आवरेना.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं जे आहे ते माझ्यामुळं आहे.

मला तेव्हा शहरातल्या एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली होती. इस्त्रीचे कपडे, पॉलिश केलेले बूट. माझ्यासोबत काम करणारे सगळे दादर-गिरगावचे होते आणि भाईंदर म्हटलं की नाक मुरडायचे. मी त्यांना आमच्या खोलीबद्दल फारसं सांगत नसे. खाडीवर जाणंही मी कमी केलं होतं. चिखल नखांतून निघत नाही आणि सोमवारी मशीनवर बोटं सगळ्यांना दिसतात. मावशी बाजारात बसलेली असली की मला लांबून बघूनच हाक मारायची, "ए बाला, दादाला सांग, उंद्या ये म्हून." जवळ गेलो तर मासळीच्या ओल्या हातानं गालाला हात लावायची. आधी मला त्यात काही वाटत नव्हतं. नंतर वाटायला लागलं.

त्या जानेवारीत दादाला ऑफिसात जास्तीचं काम होतं. घरी यायला उशीर व्हायचा, तोवर बाजार उठलेला असायचा. शुक्रवारी तो मला म्हणाला, "रविवारी अमावास्या आहे. सकाळी पाणी लांब जाईल आणि धुकंही असेल. मला असा दिवस पुन्हा मिळणार नाही. उद्या तुझा अर्धा दिवस आहे ना? मावशीला निरोप दे. पावणेसहाला उघाडीपाशी ये म्हणावं." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं लाकडी दार. तिथूनच आम्ही नेहमी खाली उतरायचो.

शनिवारी ऑफिसातला एक सहकारी माझ्यासोबत भाईंदरला आला. त्याच्या मेव्हण्याला खोली हवी होती, ती बघायला. माझ्याहून वरच्या जागेवरचा, चांगल्या घरचा माणूस. स्टेशनवरून आम्ही बाजारातून चाललो होतो. मावशी तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. मला ती दिसली. आता ती हाक मारणार, ओल्या हातानं गालाला हात लावणार, आणि सोमवारी हे सगळ्या ऑफिसात होणार, असं माझ्या मनात आलं. मी मान फिरवली आणि पलीकडच्या कापडाच्या दुकानाकडे बघत, सहकाऱ्याशी बोलत तिच्यासमोरून निघून गेलो. तिनं हाक मारली नाही. तिनं मला पाहिलंच नाही, असं मी समजलो आणि मला बरं वाटलं. याला सोडून परत येऊ आणि निरोप देऊ, असं मी ठरवलं होतं. पण खोली बघून, चहा पिऊन, त्याला गाडीत बसवून परत आलो तर तिची जागा रिकामी होती. मुर्ध्यापर्यंत चालत जायला तासभर लागला नसता. मी गेलो नाही.

दादा आला तेव्हा मी भाकरी करत होतो.

"सांगितलंस मावशीला?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

मी खोटं बोललो ते दादाला फसवायला नव्हे. मला वाटलं, अमावास्येची ओहोटी आहे, कालवं काढायला ती येणारच. कधी चुकली नव्हती. निरोप असो नसो, सकाळी ती तिथं असणारच, मग उगाच कशाला ऐकून घ्यायचं. इतका साधा हिशेब होता तो.

पहाटे त्यानं मला हलवलं. "येतोस?"

"आज नको," मी म्हणालो आणि पांघरूण वर ओढलं. त्यानं पिशवी भरली, माझ्यासाठी चहा झाकून ठेवला आणि हळूच दार ओढून घेतलं. माझी झोप मोडू नये म्हणून.

त्या दिवशी मावशी मुर्ध्यात नव्हती. मुलीच्या घरी काही कार्य होतं म्हणून शनिवारी बाजार लवकर उठवून ती उत्तनला गेली होती.

दहा वाजले तरी दादा आला नाही. अकरा वाजता मी निघालो. मिठागरावरचा एक मजूर उघाडीजवळ भेटला, त्याच्याकडून कळलं ते असं. कॅमेरेवाला पहाटेच आला होता. बराच वेळ उघाडीपाशी उभा होता, सारखा मुर्ध्याच्या वाटेकडे बघत होता. मजुरानं त्याला विचारलंही, कोणाची वाट बघतोयस म्हणून. "मावशी येतेय," तो म्हणाला. मग उजाडायला लागलं. तेव्हा तो म्हणाला, "ती पुढं गेली असेल, आत भेटेल," आणि खाली उतरला. धुकं इतकं होतं की दहा पावलांवर तो दिसेनासा झाला. काही वेळानं त्यानं दोनदा "मावशी" म्हणून हाक मारलेली मजुरानं ऐकली. पण ती मदतीची हाक वाटली नाही. शोधणाऱ्या माणसाची वाटली.

मी पोचलो तेव्हा पाणी बांधाला लागलं होतं. तिवरांचे नुसते शेंडे वर होते. मी त्या बांधावर इकडून तिकडं पळत होतो आणि ओरडत होतो. मला पोहता येत नव्हतं. मुर्ध्याचे कोळी होड्या घेऊन आले. पहिल्यांदा स्टँड सापडलं. दादा दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच होता.

गावी तार गेली. आई काकांसोबत पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. शवविच्छेदन झालेला देह जास्त ठेवता येत नव्हता, म्हणून अग्नी मी दिला. आई खोलीत आली, दादाच्या खुंटीवरचा सदरा काढून तिनं मांडीवर घेतला आणि बसून राहिली. ती रडलीच नाही. त्यानं मला जास्त भीती वाटत होती.

क्लबातले लोक भेटायला आले. ते गुजराती गृहस्थ दारात उभे राहून म्हणाले, "अकेला नहीं जाना था उसको." ते मला म्हणाले की आता क्लबातलं कोणीही, कुठंही, तिथला माहीतगार सोबत असल्याशिवाय जाणार नाही, असं आम्ही ठरवलंय. मी मान हलवली. माहीतगार सोबत असला की फोटो चांगले येतात, असंच आम्ही तोवर सगळ्यांना सांगत आलो होतो. खरं तर तो सोबत असला की माणूस घरी येतो. फोटो ही त्यानंतरची गोष्ट.

अकराव्या दिवशी मावशी आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. डोक्यावरून पदर घेतला होता. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. शेजारच्या काकूनं आईला सांगितलं, हीच ती.

आईनं तिला आत बोलावलं. मग आईनं विचारलं, "तुम्ही असता तर तो आला असता का परत?"

"आला असता, बाय," मावशी म्हणाली. "मी आनला असता."

"मग का नव्हतात? तो तुमची वाट बघत उभा होता म्हणतात. तुम्ही येते म्हणाला होतात."

मी भिंतीला टेकून उभा होतो. आईला हे मीच सांगितलं होतं. निरोप दिला होता, ती येते म्हणाली होती, असंच मी सगळ्यांना सांगितलं होतं. पोलिसांनासुद्धा. मावशीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती आईकडे वळली.

"ताप व्हता मना," ती म्हणाली. "उठवलं न्हाय."

मी खरं सांगितलं नाही. तोंड उघडायला एवढी जागा मला पुन्हा कधी मिळणार नव्हती आणि मी ती घालवली.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मला ती जागा बघायचीय." काकांनी समजावलं, मी समजावलं. ती ऐकेना. मावशीला बोलावणं गेलं. ओहोटीची वेळ बघून मावशी आली आणि आईला घेऊन निघाली. मी आणि काका मागून गेलो. आईचं नऊवारी मावशीनं आपल्या हातानं वर खोचून दिलं. उघाडीपासून पुढं मावशी काठी टेकवत जायची, थांबायची, मागं हात द्यायची. "इथं पाय ठेव. आता इथं. घाई नको." आईनं जन्मात असा चिखल तुडवला नव्हता, पण ती मावशीच्या पावलांत पाऊल टाकत गेली.

स्टँड सापडलं होतं त्या जागेच्या अलीकडे मावशी थांबली. आई उभी राहून चारी बाजूला बघत होती. ओला गाळ, तिवरं, लांब एक होडी. तिला काही समजत नव्हतं.

"इथून काय बघत होता तो?"

"तिकडून सूर्य येतो," मावशीनं डोंगराकडे हात केला. "पानी लाल व्हतं. मग पिवलं व्हतं. मग नेहमीसारखं व्हतं."

"एवढंच?"

"एवढंच, बाय."

तेव्हा आई रडली. पहिल्यांदाच. मावशीनं तिला धरलं आणि रडू दिलं. पण तिचं लक्ष सगळा वेळ त्या मधल्या ओहळाकडे होतं. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "आता चल. पानी फिरलं." आई निघाली.

आई गावी परत गेली. मी सुट्टीला जायचो तेव्हा दादाचा विषय निघायचाच. आई वाईट बोलणारी नव्हती, पण एक वाक्य तिच्या तोंडून दर वेळी यायचं. "माझा मुलगा त्या बाईच्या भरवशावर गेला." पहिल्या वर्षी मावशीनं माझ्या हाती आईसाठी सुके बोंबील पाठवले. आईनं पुडी उघडलीसुद्धा नाही. शेजारी देऊन टाक म्हणाली. परत आल्यावर मावशीला मी सांगितलं, आईला आवडले. पुढच्या वर्षीही तिनं पाठवले. त्या पुडीचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी ती वाटेत एका एसटी स्टँडच्या बाकावर ठेवून आलो. तिसऱ्या वर्षीपासून मी बाजारातली ती वाटच सोडली. आमच्या घरात मासळी दुसरीकडून यायला लागली.

मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली. भाईंदर वाढत होतं. मिठागरांच्या कडेला भराव पडायला लागले होते. प्रत्येक वेळी गावी जाताना मी ठरवायचो, या खेपेला आईला सांगायचं. ती माझ्या पानात वाढत असायची, दादाच्या आवडीचं काहीतरी केलेलं असायचं, आणि मी उठून हात धुवायचो. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमाराला आई गेली. शेवटच्या दुखण्यातही, दादाची आठवण निघाली तेव्हा, ती तेच म्हणाली. मी तिच्या उशाशी होतो.

दिवस करून भाईंदरला परत आलो त्याच आठवड्यात मी मुर्ध्याला गेलो. मावशी दारात बसून कालवं फोडत होती. केस पांढरे झाले होते, हात तसाच चालत होता. माझं मुंडण केलेलं डोकं पाहून तिनं विचारलं, "आय गेली?"

मी होय म्हणालो आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "मावशी, तुम्हाला निरोप मिळालाच नव्हता. मी दिलाच नव्हता."

"ठाव हाय मना."

"त्या दिवशी मी तुमच्यासमोरून गेलो. मुद्दाम तोंड फिरवलं."

"बघितलं मी," ती म्हणाली. तिचा हात थांबला. "हाक मारनार व्हते. तोंडात आलेली हाक. तुझ्यासंगं सायबासारका मानूस व्हता. म्हटलं, पोराला लाज वाटंल. म्हून न्हाय मारली." तिनं हातातलं कालव खाली ठेवलं. "मारली असती तर तू थांबला असतास. बोलला असतास. मी उत्तनला गेले नसते."

मी म्हणालो, "तुमचा त्यात काय दोष? आईनं जन्मभर तुम्हाला बोल लावला आणि मी लावू दिला."

"आय व्हती ती. तिला कुनावर तरी राग काढायचा व्हता. तुझ्यावर काढला असता तर तिला कोन उरलं असतं?"

मला तिथं रडू आवरलं नाही. ती उठली नाही, जवळही आली नाही. तिनं माझं रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली, मग आत सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी तिला विचारलं की एकदा मला तिथं घेऊन जाल का. ती नाही म्हणाली. तुझ्या आयला नेलं त्याच्यानंतर मी कुनाला नेलं न्हाय, म्हणाली. क्लबाचे लोक दोनदा येऊन गेले होते, त्यांनाही तिनं परत पाठवलं होतं. आता ती स्वतःसुद्धा बांधाच्या अलीकडेच जे मिळेल तेवढं काढत होती.

आम्ही चहा प्यायलो. तिनं माझ्या मुलीचं वय विचारलं. मी सांगितलं. निघताना मी तिच्या पाया पडलो तेव्हा तिचे दोन्ही हात कालवांनी माखलेले होते. ते तिनं लुगड्याला नीट पुसले, पण मला लावले नाहीत. नुसते माझ्या डोक्यावर अंतर राखून धरले आणि म्हणाली, "जा. आंधार व्हायच्या आत घरी जा."

घरी आल्यावर बायकोला सगळं पहिल्यांदा सांगितलं. मुलगी झोपलेली होती, तिच्या अंगावर तिनं चादर सारखी केली. मग एवढंच म्हणाली, "आईंना सांगायला हवं होतंत."

"होय," मी म्हणालो.